नादाचा जमाखर्च

तीस-पस्तीस वर्षे बोरिवलीच्या जलद गाडीच्या आणि कचेरीच्या हजेरीपटाच्या स्वाधीन केलेला एखादा गृहस्थ सेवानिवृत्त होतो, भविष्यनिर्वाह निधीची व उपदानाची रक्कम त्याच्या खात्यावर एकदम जमा होते, मुलांची शिक्षणे आणि घरकर्जाची बाकी यांची तजवीज पूर्वीच झालेली असते, आणि मग ‘पुढे पाहू’ असा शेरा मारून ज्या एका इच्छेचा कागद त्याने आयुष्यभर दफ्तरदाखल करून ठेवलेला असतो, ती घरात निवांत बसून उत्तम यंत्रावर उत्तम गाणे ऐकण्याची इच्छा पुन्हा समोर येते. नेमक्या याच घटकेस त्याच्यापुढे सल्लागारांचे दोन पक्ष उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, आता काय ते एकदाच आणि अव्वल दर्जाचे घ्या, पुन्हा दहा-पंधरा वर्षे त्याकडे पाहायला नको. दुसरा म्हणतो, घाई करू नका, साध्या संचापासून आरंभ करा, कान जसजसे तयार होतील तसतशी पायरी चढा.

दोन्ही पक्षांत जाणकार असतात आणि दोघांच्याही म्हणण्याला अनुभवाचा आधार असतो. तरीही या वादाचा निकाल लागत नाही, याचे कारण माझ्या मते असे की, दोघेही यंत्रसंचाला एक अखंड जिन्नस समजून बोलतात. वस्तुतः तबकडी, सीडी किंवा संगणक यांतून ध्वनी उचलणारे यंत्र, त्याला बळ देणारा अँप्लिफायर, तो हवेत सोडणारे स्पीकर आणि ज्या खोलीत हा सारा व्यवहार घडतो ती खोली, या चौघांचे आयुर्मान भिन्न आहे. जे लवकर शिळे होते त्यावर एकरकमी पैसा घालणे आणि जे पिढीभर टिकते ते पायरीपायरीने घेणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच तोट्याच्या. आणि गंमत अशी, की बहुतेक माणसे नेमक्या याच दोन गोष्टी करतात.

हा प्रश्न आपल्याकडे तसा अलीकडचा, कारण निवडीची मुभाच अलीकडची. रेडिओ बाळगायचा तर टपाल कचेरीत दरसाल परवान्याचे शुल्क भरावे लागे, त्या काळात मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ ही कुटुंबाची मोठी खरेदी असे. आणि १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीने माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण आठवड्यामागून आठवडा प्रसारित केले, ते महाराष्ट्राने अशाच एका स्पीकरच्या लाकडी पेटीतून ऐकले. पुढे एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आला, मग आखातात गेलेल्या नातेवाइकाने आणलेला टू-इन-वन आला, आणि ज्यांना त्याहून वरचे काही हवे असे त्यांना जड जकातीमुळे मुसाफिरखान्यातील किंवा चोरबाजारातील ओळखीच्या दुकानदाराची मर्जी सांभाळावी लागे. जे मिळेल ते आणि जेव्हा मिळेल तेव्हा घ्यायचे, असा तो शिरस्ता होता. क्रमाक्रमाने वर चढण्याची सवय आपल्या अंगी मुरली ती अशी नाइलाजातून. १९९१ नंतर आयातीचे दरवाजे उघडत गेले तरी ती सुटली नाही, आणि पुष्कळांनी तिला तत्त्वज्ञानाची प्रतिष्ठा दिली.

त्या तत्त्वज्ञानाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, एकाने ४०,००० रुपयांचा संच घेतला, दोन वर्षांनी तो निम्म्या किमतीस विकून ८०,००० चा घेतला, आणि आणखी दोन वर्षांनी तोही निम्म्यास विकून १,६०,००० चा घेतला. त्याच्या खिशातून प्रथम ४०,०००, मग ६०,००० आणि शेवटी १,२०,००० असे एकूण २,२०,००० रुपये गेले, आणि घरात उभा राहिला तो १,६०,००० चा संच. मधले ६०,००० ही शिकवणीची फी समजावी, आणि तिचे सार्थक झाले की नाही हे विद्यार्थी खरोखर काही शिकला की नुसता वर्ग बदलत राहिला, यावर ठरवावे. याउलट, ज्याने पहिल्याच दिवशी १,६०,००० मोजले आणि वर्षभरात ज्याला कळून चुकले की हा आवाज आपल्याला मानवत नाही, त्याचे विकतेवेळी ८०,००० बुडाले. म्हणजे एका उडीची ठेच दोन पायऱ्यांच्या फीपेक्षाही महाग पडली. परंतु याच आकड्यांत एक तिसरी वाट दडलेली आहे. पहिला साधा संच घ्यावा, तो चांगला चार-पाच वर्षे वापरावा, त्या अवधीत रक्कम साठवावी, आणि मधली ८०,००० ची पायरी साफ गाळून थेट वर जावे. एकूण खर्च १,८०,०००, तोटा अवघा २०,००० चा. दुकानदाराला मधली पायरी फार प्रिय असते, कारण तिच्यावरून दोनदा व्यवहार होतो.

आता शिळे होण्याच्या वेगाचा प्रश्न. इंग्लंडातील पीटर वॉकर यांनी १९५७ साली बाजारात आणलेला क्वॉडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आजही जाणत्यांच्या घरी वाजतो, आणि तो जुना म्हणून कोणी हिणवत नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या अरुंद जागेसाठी तयार करवून घेतलेला, जेमतेम फूटभर उंचीचा एलएस ३/५ए हा स्पीकर अर्धशतकानंतरही नव्याने बनवला जातो. स्पीकर हे शेवटी हवा हलवणारे यांत्रिक साधन आहे. त्याचे मूळ भौतिकशास्त्र बदललेले नाही आणि बदलण्याचा संभव नाही. संपूर्ण साखळीत सर्वाधिक विकृती, म्हणजे मूळ आवाजात पडणारा सर्वाधिक फरक, याच ठिकाणी निर्माण होते. म्हणून ऐपत असेल तर एकरकमी पैसा घालावा तो येथे.

अंकांचे पुन्हा विद्युत्‌लहरींत रूपांतर करणारा डॅक, नेटवरून संगीत खेचणारा स्ट्रीमर, यांची गोष्ट अगदी उलट. त्यांची जोडणी बदलते, संगणकीय आज्ञावली बदलते, कंपनीने लक्ष काढून घेतले की पेटी धडधाकट असूनही मुकी होते. आणि दरम्यान त्याच गुणवत्तेचे यंत्र पूर्वीच्या किमतीच्या अल्पांशात मिळू लागते. १९८२ साली सीडी आली ती सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट अशा मापाची होती. त्याहून बारीक मापाच्या ध्वनिमुद्रणाची महती आज मोठ्या किमतीस विकली जाते. बोस्टनच्या मेयर आणि मोरन या दोघांनी ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकात २००७ मध्ये एका चाचणीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. उच्च मापाचे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून, श्रोत्यांना न सांगता ऐकवण्यात आले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जे यश मिळाले असते तेवढेच. शिवाय साठीच्या घरातील कानांना १२,००० हर्ट्झच्या पलीकडचे फारसे काही ऐकू येत नाही, ही गोष्ट निवृत्त गृहस्थाला कोणी विक्रेता आपण होऊन सांगेल असे वाटत नाही. तेव्हा डॅक स्वस्तातला घ्यावा, बदलावा लागला तर बदलावा, आणि त्याबद्दल खंत बाळगू नये.

अँप्लिफायर या दोहोंच्या मधला. चांगला अँप्लिफायर वीस वर्षे सहज काढतो, मग त्यातील कपॅसिटर सुकतात आणि ते बदलणारा कारागीर शोधावा लागतो. त्याच्या बाबतीत फसवणूक होते ती वॅटच्या आकड्याने. ५० ऐवजी १०० वॅट घेतले की आवाज दुप्पट होईल अशी समजूत असते; प्रत्यक्षात वाढ होते ती फक्त ३ डेसिबलची, आणि कानाला ‘दुप्पट’ वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. एका वॅटला एका मीटरवर ८७ डेसिबल देणारा मध्यम प्रतीचा स्पीकर घेतला, तर दहा बाय बाराच्या खोलीत बैठकीचे गाणे ऐकताना बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा खर्ची पडत नाही. उरलेली शक्ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी राखीव असते, आणि ती असावीही. पण अंधेरीच्या दुसऱ्या मजल्यावर दोनशे वॅट घेऊन करायचे काय? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि सोसायटीचे चिटणीस त्याहूनही कडक असतात.

परंतु खरा मुद्दा खोलीचा आहे, आणि आपल्या उपनगरांत तर तो इतर साऱ्या मुद्द्यांना पुरून उरतो. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक लांबीची ध्वनिलहर अडकते आणि घुमते. भिंतींमधील अंतर दहा फूट असेल तर ही घुमार सुमारे ५६ हर्ट्झवर येते, आठ फूट असेल तर सुमारे ७० वर. ज्या पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा आहे, त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाचा मूलस्वर ६९ हर्ट्झच्या आसपास पडतो आणि डग्ग्याची घुमारही त्याच मुलखात वावरते. म्हणजे जुन्या वन बीएचके घरातील आठ फुटी खोलीत कितीही उंची स्पीकर आणून ठेवला, तरी तेथे डग्गा फुगणार. आणि श्रोता बरोबर दोन भिंतींच्या मध्यावर बसला, तर तोच सूर नाहीसा होणार, कारण त्या लहरीचा दाब मध्यावर शून्य असतो. खोली दहा बाय दहाची चौरस असेल आणि उंचीही साडेनऊ फूट असेल, तर तिन्ही दिशांच्या घुमारी एकमेकींवर स्वार होतात. असल्या खोलीसाठी पाच लाखांचे उंच मनोऱ्यासारखे स्पीकर घेणारा माणूस पाच लाख रुपये देऊन गोदरेजच्या कपाटाची दारे थरथरवतो, इतकेच.

उपाय आहेत, आणि ते आश्चर्य वाटावे इतके स्वस्त आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह प्रतिध्वनीमुळे निरुपयोगी ठरले, तेव्हा १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे ते काम सोपवण्यात आले. सॅबिनने रात्री-अपरात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या उचलून आणल्या, त्या थोड्याथोड्या मांडत प्रतिध्वनी किती काळ रेंगाळतो ते मोजले, आणि त्यातून ध्वनिशोषणाचे जे गणित सिद्ध झाले त्यावर आजही सभागृहे बांधली जातात. आपल्या जुन्या घरांत सतरंजी, लोड-तक्के, पुस्तकांची कपाटे आणि वाळत घातलेले धुणे हे सॅबिनचे साहित्य अनायासे हजर होते. नव्या मनोऱ्यांतील दिवाणखान्यांत गुळगुळीत टाइल्स, भिंतभर काच आणि जिप्समचे खोटे छत असते; तेथे किशोरीताईंची तान एकदा ऐकू येते आणि मग तिचे तुकडे ऐकू येतात. जाड सतरंजी आणि पडदे या तुकड्यांचा बंदोबस्त करतात. खर्जाला मात्र ते आवरू शकत नाहीत. त्यासाठी स्पीकर भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून पुढे ओढणे, बसण्याची जागा मध्यापासून हलवणे, आणि मुळात लहान स्पीकर घेणे, हेच मार्ग. बीबीसीने गाडीतल्या जागेसाठी करवून घेतलेली ती पेटी घाटकोपरच्या दिवाणखान्यालाही का शोभते, हे येथे ध्यानात यावे.

या खोलीसंबंधी आणखी एक खास उपनगरी अडचण आहे, आणि परदेशी पुस्तकांतून तिचा उल्लेख सापडायचा नाही. ती म्हणजे पुनर्विकास. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथे चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती एकामागून एक विकासकाच्या ताब्यात जात आहेत; सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालील सभेची नोटीस फलकावर लागली, की सभासदाने समजावे की आज ना उद्या आपल्याला दोन-तीन किंवा अधिक वर्षे भाड्याच्या घरात काढायची आहेत, आणि त्यानंतर मिळणारी खोली वेगळ्या मापाची, वेगळ्या भिंतींची आणि बहुधा अधिक काचेची असणार आहे. जी खोली पाडली जायची आहे तिच्या मापाने स्पीकर घेणे, किंवा जी अजून नकाशावरच आहे तिच्या भरवशावर घेणे, यांत शहाणपण नाही. अशा मुदतीत लहान स्पीकर, सेकंडहँड अँप्लिफायर आणि संयम एवढ्यावर भागवावे. एकरकमी खरेदीचा मुहूर्त नव्या घराची किल्ली हाती आल्यानंतरचा, आणि तोही रंगकाम आटोपून पडदे लागल्यानंतरचा.

पावसाळ्याचेही थोडे बोलले पाहिजे. स्पीकरच्या शंकूभोवती जी लवचीक कड असते ती काही जुन्या बनावटींत फोमची असते, आणि मुंबईच्या दमट हवेत हा फोम काही वर्षांनी हाताला लागताच भुकटी होऊन गळतो. रबराची कड कितीतरी अधिक टिकते. सेकंडहँड स्पीकर घेताना जाळी काढून ही कड बोटाने चाचपून पाहावी. वर्सोव्याकडे, समुद्राच्या अंगाला राहणाऱ्यांनी तारांची टोके आणि जोडण्या वर्षातून एकदा पुसून घ्याव्यात, खारी हवा त्यांच्यावर थर चढवते. ग्रामोफोनच्या तबकड्यांना आषाढ-श्रावणात बुरशी धरते, ती वेष्टनापासून सुरू होते. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांना तर दमट हवा मुळीच मानवत नाही, हे पुण्यातील केडन्स कंपनीने त्या तत्त्वावरचे स्पीकर बनवून परदेशी रसिकांपर्यंत पोहोचवले, त्यांचा अभिमान बाळगूनही सांगावे लागते. पुण्याची हवा कोरडी आहे, अंधेरीची नाही.

क्रमाक्रमाने चढणाऱ्यांच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. ग्लासगोच्या लिन कंपनीचा एलपी १२ हा टर्नटेबल १९७० च्या दशकाच्या आरंभी निघाला. तेव्हापासून त्याची बेअरिंग, मोटर, वीजपुरवठा, भुजा असे भाग सुधारत गेले, आणि ते बहुतांशी जुन्याच यंत्रावर बसवता येतात. येथे पायरी चढताना आधीची पायरी मोडीत निघत नाही, म्हणून ही चढण खरी. जे यंत्र विकूनच पुढचे घ्यावे लागते त्याला हा दाखला लागू करणे मात्र लबाडीचे आहे. आणि रेकॉर्डचा छंद मुळात नसेल, तर केवळ प्रतिष्ठेसाठी टर्नटेबल घेऊ नये. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकायच्या असतील, तर लक्षात ठेवावे की १९३० च्या दशकातील ते ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचे आहे आणि त्याची कक्षा मर्यादित आहे. दोन लाखांचा संच त्या ध्वनिमुद्रणात नसलेले काही निर्माण करू शकत नाही, फार तर सुईची खरखर अधिक स्पष्ट करतो.

खरेदीची प्रत्यक्ष रीत थोडक्यात सांगता येईल. पश्चिम रेल्वेच्या धिम्या गाडीने ग्रँट रोडला उतरावे (मुलुंड-घाटकोपरकरांनी दादरला गाडी बदलावी), आणि ज्याला सारे अजूनही लॅमिंग्टन रोड म्हणतात त्या डॉ. भडकमकर मार्गावर भाव विचारीत एक दुपार हिंडावे. अव्वल दर्जाच्या मालाची दालने अन्यत्र असली तरी भावाचा अंदाज येथे येतो. डेमोला जाताना आपले गाणे आपण न्यावे, दुकानदाराचे नेहमीचे चकचकीत ध्वनिमुद्रण ऐकून मत बनवू नये. दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज अगदी सारखा ठेवायला सांगावे, कारण कानाला किंचित मोठा आवाज हा मोठा न वाटता चांगला वाटतो, आणि ही खुबी विक्रेत्यांना पक्की ठाऊक असते. शक्य तर पाठ करून बसावे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हरमन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षे पडद्याआड स्पीकर ठेवून चाचण्या घेतल्या, त्यांत दिसले ते असे की, डोळ्यांना पेटी दिसली की लोकांची मते आकार, किंमत आणि नाव यांच्याकडे झुकतात, आणि पडदा टाकला की निरनिराळ्या रुचीचे श्रोते चांगल्या स्पीकरबद्दल बरेच एकमत दाखवतात. हा निष्कर्ष मोठा दिलासा देणारा आहे, कारण त्याचा अर्थ असा होतो की तयार कान ही काही थोड्या दीक्षितांची मिरास नाही. इतके करून पसंत पडलेला स्पीकर आठवडाभर घरी वाजवून पाहण्याची सवलत मागावी. जो देत नाही त्याच्याकडून एकरकमी काही घेऊ नये.

राहता राहिल्या तारा. स्पीकरच्या तारांवर संचाच्या किमतीचा दहावा हिस्सा खर्च करावा, असा एक संकेत विक्रेत्यांनी रूढ केला आहे आणि भले भले तो पाळतात. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या तारेचा चार मीटरचा पल्ला, जाऊन-येऊन आठ मीटर धरला, तरी त्याचा अडथळा ०.०६ ओहमच्या आत राहतो, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरच्या एक शतांशाहूनही कमी. असली तार घाटकोपर स्थानकाबाहेरच्या कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात मीटरवर कापून मिळते, आणि ती लाल-काळी अशी दोन रंगांची घ्यावी, म्हणजे जोडताना उलटसुलट होत नाही.